सोळा दात आणि एक निळे कापड

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण दचकतात. एका पट्टीवर ओळीने सोळा दात, पण ओठ नाहीत, हिरड्या नाहीत, जीभ तर नाहीच. एकदा एका चिमुरडीने मला पाहिले आणि आईच्या मागे लपून विचारले, "आई, या दातांचा माणूस कुठे गेला?" तिचे काही चुकले नाही. तो माणूस मीही आयुष्यभर शोधत आले आहे. रोज एखादा सापडतो, त्याचा दात माझ्या एखाद्या दाताशी जुळतो, आणि मग तो उठून आपल्या घरी निघून जातो.

मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी रंगपट्टी आहे. दात सगळ्यांचे पांढरेच असतात असे तुम्हाला वाटत असेल, तर आरशासमोर जा आणि दातांशेजारी कोरा कागद धरा. लगेच खरे काय ते कळेल. कोणाचा दात पिवळसर असतो, कोणाचा तांबूसकडे झुकलेला, कोणाचा राखाडी. तुटलेला दात भरून काढायचा, तर भर अगदी त्याच रंगाची हवी. नाहीतर ते ठिगळ चार हात लांबून ओळखू येते. डॉक्टर मला तोंडाशी धरतात, एकेक दात जुळवून पाहतात आणि ठरवतात, की या माणसाला माझ्यातला अमुक दात लागू पडतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून काढलेले दात भट्टीत भाजत. मग एका लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायका प्रत्येक दात हातात घेऊन मूळ नमुन्याशी ताडून पाहत. रंग केसभर हुकला, तरी तो दात पायाशी ठेवलेल्या डब्यात जाई. माझा दुसरा दात त्यांनी उलटसुलट करून कितीतरी वेळ पाहिला होता. एकीने तो डब्याकडे नेलाही होता. तेवढ्यात शेजारची म्हणाली, "खिडकीत नेऊन बघ आधी." खिडकीत नेल्यावर तो पास झाला. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे याच दाताने मोठे काम केले.

माझे डॉक्टर तेव्हा तरुण होते. त्यांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडी, आतल्या खोलीत खुर्ची, आणि खुर्चीशेजारी भलीमोठी खिडकी. जागा घेताना त्यांनी म्हणे आधी खिडकी पाहिली आणि मग बाकीचे. रंग दिव्याखाली पाहायचा नाही, हा त्यांचा नियम होता. माणूस खुर्चीत बसला, की सगळ्यात आधी रंग. ओठांना लाली लावली असेल, तर ती पुसायला सांगत. दात ओला असतानाच पाहत, कारण तोंड उघडे राहून दात वाळला की तो आहे त्याहून पांढरा दिसायला लागतो आणि भलभल्यांना फसवतो.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि तो मला फार आवडे. दातांकडे टक लावून पाहिले, की डोळे थकतात. मग सगळेच दात सारखे वाटू लागतात. म्हणून डॉक्टर क्षणभर दात पाहत, आणि लगेच मांडीवर पसरलेल्या निळ्या कापडावर नजर टेकवत. निळ्यावर डोळे विसावले, की पिवळ्यातला बारीकसारीक फरक पुन्हा स्वच्छ दिसतो. ते कापड आणि मी, आमची जोडी होती. मला हातात घेतले आणि कापड विसरले, असे कधी झाले नाही.

काम संपल्यावर डॉक्टरांचा एक खेळ असे. पेशंटबरोबर आलेल्या माणसाला आत बोलावून ते म्हणत, "सांगा बघू, यातला कोणता दात मोडला होता?" बायको नवऱ्याच्या तोंडात डोकावून भलताच दात दाखवी. मुलगा आईचा दुसराच दात दाखवी. एका जोडप्याचे तर यावरून खुर्चीपाशीच जुंपले. नवरा म्हणे उजवा, बायको म्हणे डावा, आणि ज्याचा दात मोडला होता त्या नवऱ्याचेच चुकले. डॉक्टर लहान मुलासारखे टाळ्या पिटत. आणि मी माझ्या खणात परत जाताना मनातल्या मनात मिरवून घेई.

अशी कितीतरी वर्षे गेली, आणि मग ते निळे कापड बिघडले.

म्हणजे, डॉक्टरांना तसे वाटले. "ताई, हे धुऊन धुऊन पार मळकट झालंय. दुसरं आणा," ते म्हणाले. ताई म्हणजे त्यांच्या मदतनीस. अवजारे उकळायची, पेशंटला धीर द्यायचा, डॉक्टरांची चहाची वेळ सांभाळायची, सगळे त्याच बघत. त्यांनी नवे कापड आणले. काही महिन्यांनी तेही मळकट झाले. मग तिसरे आले. ताई जुनी कापडे टाकून न देता कपाटात ठेवत. एकदा त्यांनी तिन्ही कापडे एकावर एक ठेवून खिडकीत धरली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. तिन्ही सारखीच निळी होती. ताईंनी घड्या घातल्या आणि कपाट लावले.

मित्रांनो, कापड कुठले मळणार! मळली होती डॉक्टरांची नजर. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तो काही एका दिवसात डोळे मिटवत नाही. हळूहळू सगळ्या जगावर पिवळट पडदा ओढतो, आणि ज्याच्या डोळ्यांत तो उतरतो त्याला वाटते, जगच जुने झाले. डॉक्टरांनी दिवे बदलले, खिडकीची काच घासून घेतली, रंगाऱ्याला बोलावून भिंतही रंगवली. डोळे मात्र तपासले नाहीत. रोज दुसऱ्यांना "आधीच का नाही आलात?" म्हणून रागावणारा माणूस स्वतःच्या बाबतीत अशी चालढकल करत होता.

त्यांची बोटे माझ्यावरून फिरत आणि चुकीच्या दाताशी थांबू लागली. सुरुवातीला दाढांवर भागून गेले. दाढेचा रंग कोण बघायला जातो? पण मला कळत होते. तोंडभर दात असून मला एक शब्द बोलता येत नव्हता. ताईंना तोंड होते, पण ज्या माणसाकडून त्या सगळे शिकल्या त्याला "तुम्हाला दिसत नाही" हे कसे सांगायचे, ते त्यांना उमगत नव्हते.

अशात एका दुपारी एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी नववी-दहावीतली असेल. तिने तोंडावर हात धरला होता, आणि तो हात बाकड्यावर बसली तरी खाली आला नाही. आत येऊन तिने तोंड उघडले, तेव्हा वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डाव्याचा कोपरा उडालेला दिसला.

"कशानं झालं हे?" डॉक्टरांनी विचारले.

"दार लागलं," बाप म्हणाला.

"लागलं नाही," मुलगी म्हणाली. "ढकललं."

बापाने खिडकीबाहेर पाहिले. मग घाईघाईने म्हणाला, "डॉक्टर, पहिल्यासारखा करून द्या. काही झालंच नव्हतं, असा. एवढं झालं की विषय संपला."

"तुमचा," मुलगी पुटपुटली.

डॉक्टरांनी बापाला बाहेर बसवले. गळ्याशी कागदी टॉवेल अडकवता अडकवता ताईंनी मुलीला हळूहळू बोलते केले. झाले होते असे. संध्याकाळी बापलेकीचे कशावरून तरी वाजले. कशावरून, ते आता तिला धड आठवतही नव्हते. ती आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतले. बापाने एकदा हाक मारली, दोनदा मारली. तिसऱ्यांदा हाक न मारता दार ढकलले, ते सगळ्या रागासकट. मुलगी दाराच्या अगदी मागेच होती. त्या संध्याकाळपासून दोघांचा अबोला होता. "जेवायला ये" हा निरोपसुद्धा आईमार्फत जाई. "एकदा तरी म्हणाले असते ना, चुकलं माझं," मुलगी म्हणाली. "तर ते म्हणतात, दात बसवून देतो. दार लागलं, म्हणतात. जसं काही दार आपणहूनच आलं."

त्या दिवशी मला माझ्या कामाचे पहिल्यांदाच ओझे वाटले. एका दाताच्या कोपऱ्यावर बापाने सगळी भिस्त टाकली होती. तो जुळला, की क्षमा न मागताच सुटका. आणि मुलीला रोज शाळेत तोंड दाखवायचे होते. ती वर्गात हात वर करेनाशी झाली होती. उत्तर येत असले तरीही.

डॉक्टरांनी मला उचलले. त्यांनी दात पाहिला, मांडीवरचे कापड पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा दात पाहिला. माझा दुसरा दात त्या मुलीच्या दाताशेजारी आला, तेव्हा मला वाटले, हाच! अगदी हाच! माझ्यापुरती मी ओरडले. पण बोट पुढे सरकले आणि चौथ्या दातापाशी थांबले. चौथा म्हणजे चांगलाच पिवळा. ताईंच्या हातातला ट्रे किंचित हलला. पण त्यांनी तो पुढे केला.

हात मात्र डॉक्टरांचे अजून सुरेख चालत. त्यांनी तुटलेली कड किंचित खरबरीत केली, दातावर चिकटवणारे द्रव्य लावले आणि दाताच्या रंगाचा मऊ लगदा थरावर थर चढवत, प्रत्येक थर दिव्याने कडक करत तुटलेला कोपरा पुन्हा घडवला. आकार असा हुबेहूब, की बघत राहावे. पण रंग! मुलीने आरसा घेतला आणि तिचा चेहरा पडला. "जरा वेगळा दिसतोय," ती म्हणाली.

"दात आत्ता वाळलेला आहे, म्हणून पांढरा दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "उद्यापर्यंत ओल धरेल, की जुळेल बघ." ते खोटे बोलत नव्हते. दात वाळतो, हे खरेच होते. पण उद्या येऊन गेला, परवाही गेला, आणि तो कोपरा काही जुळला नाही.

त्याच आठवड्यात बाप तिला पुन्हा घेऊन आला, तो तणतणतच. बाहेरच्या खोलीत दोन पेशंट बसले होते, त्यांच्या देखतच त्याने आवाज चढवला. "हे काय काम झालं? पोरं तिला 'पिवळा तुकडा' म्हणतात! दुधाचे दात असल्यापासून बघतोय मी तिचे दात, असा रंग कधी नव्हता!" तो बोलत होता, आणि मुलगी मागे मागे सरकत होती. ती बरोबर अशा जागी जाऊन उभी राहिली, जिथे उघडणारे दार पोचत नाही. बापाचे तिकडे लक्ष गेले. त्याचे वाक्य अर्धेच राहिले.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आत या. दोघंही या." त्यांनी मुलीला खिडकीपाशी बसवले, मला हातात घेतले आणि मांडीवरचे कापड बाजूला सारले. "ताई, हे नको. निळं आणा."

"निळंच आहे की," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी कापड खिडकीच्या उजेडात धरले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले. "कितपत निळं?" त्यांनी विचारले.

"शाईसारखं. चांगलं गडद."

डॉक्टरांनी ताईंकडे पाहिले. ताईंची मान खाली होती. "निळंच आहे, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आधीचं पण निळंच होतं. त्याच्या आधीचं पण."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्हाला मी कसं सांगू?" ताईंचे डोळे भरून आले.

मला वाटले, आता ते चिडतील, उजेडाला दोष देतील, लगद्याला देतील, काही नाही तर मला तरी देतील. इतक्या वर्षांचे नाव होते त्यांचे. त्यांनी मला खाली ठेवले, स्टूल मुलीच्या समोर ओढले आणि तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "बाळ, चूक माझी आहे. माझे डोळे बिघडलेत, आणि ते मला केव्हाच कळायला हवं होतं. मी बघायचं टाळलं, आणि त्याचा त्रास तुला झाला. मला माफ कर."

एवढेच. त्या बोलण्यात कुठे "पण" नव्हता, कुठे "तरी" नव्हता. एवढा वयस्क माणूस शाळेतल्या मुलीची माफी मागत होता, आणि त्याने त्याचे काहीच कमी झाले नाही. मुलीने मान हलवली. तिच्यामागे उभ्या असलेल्या बापाला कुठे पाहावे ते कळेना.

"माझी पुतणी हेच काम करते, आणि तिचे डोळे तरणे आहेत," डॉक्टर म्हणाले. "तिला बोलावून घेतो. ती हा कोपरा काढून नवा करेल, रंगही तीच ताडून बघेल. पण आज ऊन चांगलं पडलंय. तेवढ्यात आपण एक अंदाज काढून ठेवू." आणि त्यांनी मला उचलून बापाच्या हातात दिले. "माझ्या डोळ्यांवर विसंबू नका. तुम्ही म्हणालात ना, दुधाचे दात असल्यापासून बघताय? मग तुम्हीच बघा."

मित्रांनो, कितीतरी हातांनी मला धरले आहे, पण तो हात मी विसरणार नाही. घामाने ओला झाला होता. रंग जुळवायचा म्हणजे चेहऱ्याजवळ चेहरा न्यावा लागतो, आणि हा माणूस दार ढकलले त्या संध्याकाळपासून लेकीच्या चेहऱ्याकडे नीट पाहू शकला नव्हता. त्याने चौथा दात धरला, तो सरकवला. तिसरा धरला. "आता निळ्यावर बघा, डोळ्यांना विसावा द्या," डॉक्टर सांगत होते. त्याने कापडाकडे पाहिले, पुन्हा लेकीकडे पाहिले. मग माझा दुसरा दात तिच्या मोडलेल्या दाताशेजारच्या शाबूत दाताजवळ आणला, आणि हात तिथेच थांबला.

"हा दात आला, तेव्हा पहिल्यांदा मलाच दिसला होता," बाप म्हणाला. "तू सफरचंद खात होतीस. मी तुझ्या आईला हाका मारमारून बोलावलं होतं." त्याची नजर शेजारच्या पिवळ्या कोपऱ्यावर गेली. "दार लागलं नव्हतं गं. मी ढकललं. रागानं ढकललं. चुकलं माझं."

मुलीच्या ओठांशी मी टेकलेली होते. तिचा श्वास माझ्या दातांवर येत होता. मग मला हलकेच बाजूला करत म्हणाली, "मी दार उघडायलाच येत होते, बाबा."

मी हातात आहे हे विसरून बापाने लेकीकडे हात पुढे केले. ताईंनी मला त्याच्या हातातून सोडवून घेतले, नाहीतर मी त्या दिवशी फरशीवर पडून फुटले असते.

पुढे डॉक्टरांच्या पुतणीने तो कोपरा नव्याने केला. तिने माझा दुसरा दातच निवडला, पण अगदी कडेला त्याहून किंचित फिका रंग घेतला. तेवढे बापाला कुठून कळणार! दात असा जुळला, की मुलीने आरशात दोनदा निरखून पाहिले. दरम्यान डॉक्टरांनी एका डोळ्याचे ऑपरेशन करून घेतले होते. त्या दिवशी ते गडद चष्मा लावून, पाहुण्यासारखे बाकड्यावर बसले होते. चष्मा वर करून त्यांनी ते कापड पाहिले आणि म्हणाले, "अरेच्चा! एवढं निळं?" ताई हसल्या आणि कपाटातली दोन जुनी कापडेही काढून त्यांच्या मांडीवर ठेवून गेल्या.

मग डॉक्टरांना आपला जुना खेळ आठवला. त्यांनी बापाला जवळ बोलावले. "सांगा बघू, यातला कोणता दात मोडला होता?"

मुलगी मुद्दाम सगळे दात दाखवून हसली. पुतणी वाकून पाहू लागली. पेशंट म्हणून आलेल्या एका आजोबांनीही मान उंचावली आणि भलताच दात सांगितला. बापाने मात्र तोंडात डोकावूनसुद्धा पाहिले नाही. "वरचा, डावा," तो म्हणाला. "आतल्या बाजूचा कोपरा."

त्याचे उत्तर बरोबर होते, आणि डॉक्टरांनी या वेळी टाळ्या पिटल्या नाहीत. मुलीचे हसू जरासे आवरले. मग तिने बापाचा हात धरला आणि दोघे निघाले. दारापाशी बाप थांबला. त्याने आधी दारावर बोटाने टकटक केले आणि मग ते हळूच ओढले. बाहेर कोणीही नव्हते.

आता दवाखाना पुतणी चालवते. तिच्याकडे दाताचा रंग सांगणारे एक छोटे यंत्र आहे. मी खणात असते, माझ्या अंगावर ते निळे कापड पांघरलेले असते. यंत्राचा हिशेब पटला नाही, तर कधीतरी मला खिडकीत नेतात. माझी तक्रार नाही. फक्त कोणी मला वापरून झाल्यावर ओलीच ठेवू नका, माझ्या दातांखाली लिहिलेली रंगांची अक्षरे पुसट होत चालली आहेत.

आणि मित्रांनो, एक विनवणी. रंग जुळवणे माझे काम आहे, ते मी जमेल तोवर करीन. बघणाऱ्या जगाला काही कळू नये, इतके मी जुळवून देईन. पण ज्याच्या हातून मोडले आणि ज्याचे मोडले, त्या दोघांना तो कोपरा कायम दिसत राहतो. तिथे माझा एकही दात लागू पडत नाही. म्हणून राग आला, तर बंद दारापाशी जरा थांबा आणि आणखी एक हाक मारा. आतून कोणीतरी ते उघडायलाच येत असेल.